गुप्त पोलिसाची खुर्ची

आमच्या वाडीत खुर्ची एकच होती, आणि ती गुप्त पोलिसाची होती.

हसू नका. धसईच्या बाजारातून डोंगराकडे तासभर चढलं की आमची ठाकर आदिवासींची वाडी लागते. वनखात्याच्या जमिनीवर आमचे आजे-पणजे नाचणी आणि वरी पिकवत आले. ती जमीन नावावर करून द्या, एवढंच मागणं घेऊन माझ्या बाबांनी, म्हणजे देवजी मेंगाळांनी, आसपासच्या वाड्यांची संघटना बांधली. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मोर्चे निघायला लागले, कधी मुरबाडला, कधी पार ठाण्याला. मोर्चेवाल्यांच्या मनात काय शिजतंय ते सरकारला आधी कळायला हवं, म्हणून पोलिसांतला एक माणूस साध्या कपड्यांत आमच्या सभांवर नजर ठेवायला नेमला गेला. बारकू पष्टे त्यांचं नाव, हवालदार, गाव किन्हवली. कुठे कोणाची सभा झाली, कोण काय बोललं, हे वर कळवायचं त्यांचं काम. त्या कामाला पोलिसांत 'गोपनीय' म्हणतात.

पहिल्याच सभेला हे गोपनीय पष्टे हवालदार करवंदीच्या जाळीत उकिडवे बसलेले आईला सापडले. आई पाण्याला निघाली होती. तिने हंडा खाली ठेवला आणि ओरडली, "कोन रे तो करवंदीत? मानूस हाये का रानडुक्कर?"

हवालदार बाहेर आले. सदऱ्याला काटे, कपाळावर ओरखडा. म्हणाले, "मध घ्यायला आलो होतो."

"मध झाडाव असतो, झाडाखाली नाय," आई म्हणाली. "चला, पानी प्या."

आमच्यात रीत आहे. वाडीत आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय काम विचारायचं नाही, आणि पाणी दिल्यावर त्याला उभं ठेवायचं नाही. आई माझी जनाबाई, तिच्यापुढे रीत मोडायची कोणाची छाती नव्हती. हवालदार खाली बसेनात, त्यांची पँट घट्ट होती. मग कोणीतरी बालवाडीतली लोखंडी घडीची खुर्ची आणली. ते बसले, उजव्या पायातली चप्पल काढली आणि हुश्श केलं. त्या पायाला कुरूप होतं, डोंगर चढून ठणकत होतं. पाणी झाल्यावर बाबांनी काम विचारलं. मान खाली घालून हवालदारांनी खरं सांगितलं.

"मग मागं कशाला बसता?" बाबा म्हणाले. "फुडं बसा. मागं ऐकू येनार नाय नीट, आनि तुमी भलतंच लिवाल."

त्या दिवसापासून सभा ठरली की बाबा धसईच्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायचे, पष्टे हवालदारांना सांगा, शुक्रवारी या. हवालदार आल्याशिवाय सभा सुरू व्हायची नाही. बोलावलेला माणूस आला नाही तर कसं सुरू करणार? ज्याची चोरी त्यालाच आमंत्रण, असं धसईचे दुकानदार हसायचे. हसू दे.

पुढची पायरी बाबांनीच काढली. एका सभेच्या शेवटी त्यांनी विचारलं, "हवालदार, काय लिवलं ते वाचून दाखवा."

"देवजी, गोपनीय असतं ते."

"आमचं बोलनं, आमच्यापासून गोपनीय?"

हवालदारांनी कागद उलटसुलट केला आणि वाचायला लागले. पन्नास लोक जमले होते, असं त्यांनी लिहिलं होतं. रंगूआजी ताडकन उठली. पन्नास कसले, साठाच्या वर होतो! हवालदारांनी आकडा सुधारला. पुढे होतं, 'जंगल कर्मचाऱ्यांबद्दल अपशब्द उच्चारण्यात आले नाहीत.' हे त्यांनी आमच्यावर दया करून लिहिलेलं.

"उच्चारले," आई म्हणाली. "मीच उच्चारले. लिवा."

तेही लिहिलं गेलं. मग तीच पद्धत पडली. चष्मा त्यांच्या खिशात कधी नसायचाच, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायची. मी तेव्हा सहावीत होते, अक्षर बरं होतं. शेवटी मी सगळं मोठ्याने वाचायचे. कोणाची काही हरकत असली तर तिथेच मिटायची. मग हवालदार मान हलवायचे. त्यांनी मान हलवली की सभा संपली.

लहानपणी मला या सगळ्याचा अभिमान वाटायचा. मुरबाडला कॉलेजात गेल्यावर त्याच गोष्टीचा राग यायला लागला. एकदा मी बाबांना फाडकन म्हणाले, "तो सरकारचा कान आहे. त्याला चहा कसला पाजता?" माझी जीभ आईवर गेलीय.

"कान कुनाचा का असंना, दिसतोय ना?" बाबा म्हणाले. "दिसत नाय त्या कानाला भ्यावं, गो."

मला ते बोलणं अडाण्याचं वाटलं. बाबांना तसं बोलून मी मोकळी झाले आणि वर दोन दिवस रुसून बसले. सभेला घरी असले की लिहायची मात्र मीच.

मग पेपरात बातम्या यायला लागल्या. सरकारच्या हाताखाली माहिती काढणाऱ्या निरनिराळ्या शाखा आहेत, एकीचा दुसरीला पत्ता नसतो, म्हणून त्या सगळ्या मोडून एकच नवं माहिती खातं करायचं. आमच्या भागात ते प्रयोग म्हणून आधीच गुपचूप सुरू झालं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. दोन हजार दोन साली अध्यादेश निघाला आणि पष्टे हवालदारांची शाखा बंद झाली. ते शेवटचे आले, ते कोणी न बोलावता आले.

"आता मी येनार नाय," ते म्हणाले. "मला बंदोबस्ताला टाकलंय. नवीन लोक येतील. पन ते तुमाला दिसायचे नाहीत."

आईने त्यांना नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. खुर्ची घडी करून बालवाडीच्या भिंतीला टेकवली गेली. नंतर तिच्यावर कोणी बसलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी ग्रामसेविकेच्या परीक्षेत पास झाले. आमच्या वाडीतून सरकारी नोकरीला लागणारी मी पहिली मुलगी. यादीत नाव आलं तेव्हा बाबा नुसते अंगणात येरझारा घालत राहिले. आईने मात्र खालपासून वरपर्यंत सगळी वाडी हाकारली. नेमणुकीच्या आधी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. ती सगळ्यांची होते, त्यात भिण्यासारखं काही नसतं. माझी आली ती 'प्रतिकूल' म्हणून आली.

का? हे कोणी सांगेना. मुरबाडच्या पोलीस ठाण्यात गेले, तिथल्या साहेबांनी बसवून चहा दिला आणि सांगितलं, हे आता आमच्याकडे नाही, नव्या खात्याकडे आहे. जिल्ह्याच्या गावी, ठाण्याला गेले, तिथेही तेच. नव्या खात्याच्या मुंबईच्या कचेरीत गेले, तर दारावरच्या माणसाने सांगितलं की अशी पडताळणी झाली की नाही हेसुद्धा सांगता येत नाही. मी तिथे आवाज चढवला. "मग मी चोर आहे का नाही, हे तरी सांगता येतं का?" असं विचारलं. त्याने खिडकी लावून घेतली. जून संपेपर्यंत पडताळणी सुधारून आली नाही, तर माझी जागा पुढच्या नावाला जाणार होती.

शेवटी आम्ही आमदारांकडे गेलो. जायची माझी इच्छा नव्हती, कारण आमदार दत्तूभाऊ हरड आमचे नव्हते. ते सरकारी पक्षाचे, आणि दर निवडणुकीत बाबा त्यांच्या विरोधात बोलत आलेले. धसईच्या भर सभेत बाबा त्यांना म्हणाले होते, "हा आमदार म्हंजे अळंबं. पाच वर्सांनी एकदा उगवतो नि दोन दिवसांत दिसेनासा होतो." ते वाक्य मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुक्यांत फिरलं होतं.

शहापूरच्या घरी दत्तूभाऊ ओट्यावर दाढी करत बसले होते. बाबांना बघून त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"ये देवजी. अळंबं खायला आलास काय?"

बाबांनी मान खाली घातली. मी म्हणाले, "साहेब, बोलले ते बाबा. अर्ज माझा आहे. माझ्यावर राग नको."

"हिला तोंड हाये," दत्तूभाऊ बाबांना म्हणाले, आणि अर्ध्या दाढीनेच माझं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला.

मग त्यांनी सांगितलं ते असं. अध्यादेशाच्या जागी आता कायदा करायचा म्हणून विधेयक सभागृहात आलं होतं. त्यात एक कलम होतं, की या खात्याच्या कामाबद्दल सभागृहात प्रश्न विचारता येणार नाही, आणि खातं कोणाविरुद्ध काय लिहितं ते त्या माणसालाही सांगायचं नाही. दत्तूभाऊ सरकारी बाकावर असूनही त्या कलमावर अडून बसले होते. मंत्री चिडले, पक्षाची माणसं समजूत घालून गेली. शेवटी विधेयक दोन्ही सभागृहांच्या समितीकडे गेलं आणि दत्तूभाऊ तिचे सदस्य झाले.

"पैसे आमी मंजूर करायचे, नि त्या पैशाचं काय करता ते विचारायचं नाय," ते म्हणाले. "नव्या सुनेलापन एवढं गप बसवत नाय कोन. आनि मी काय धर्मात्मा नाय, गो. उद्या मी विरोधात बसलो, तर हेच लोक माझ्या दारात असतील. म्हनून विचारतोय."

समिती जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांचं म्हणणं ऐकत फिरत होती. पुढच्या आठवड्यात ती शहापूरच्या विश्रामगृहात येणार होती. "बापाला घेऊन ये," दत्तूभाऊ म्हणाले. "आनि तोंड आवर. विचारलं तेवढंच बोल."

निघताना मी बाबांना म्हटलं, आपण पष्टे हवालदारांनाही गाठू. त्यांना आतलं काही ठाऊक असेल. बाबा रस्त्यातच थांबले.

"त्याचं नाव काडायचं नाय. आमाला वाचून दाखवत होता, हे वर कळलं तर त्याची नोकरी जाईल. पुढच्या वर्सी तो रिटायर होतोय. पेन्शनीत माती कालवायची काय त्याच्या?"

माझ्या नोकरीत माती पडली होती, तिचं काय, असं ओठावर आलं होतं. गिळलं.

समितीच्या दिवशी विश्रामगृहाच्या आवारात गाड्याच गाड्या. दालनाच्या दारात बंदोबस्ताचे पोलीस उभे होते, आणि त्यांत गणवेशातले पष्टे हवालदार होते. मी त्यांना गणवेशात पहिल्यांदा पाहिलं. ते थोडे वाकले होते. बाबांची आणि त्यांची नजर भेटली, आणि दोघांनी दोन दिशांना तोंडं फिरवली. मीही फिरवली.

आत लांब टेबलामागे समिती बसली होती. अध्यक्ष नागपूरकडच्या एक वयस्क बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, बोलायला सावकाश. टेबलासमोर बोलणाऱ्याला बसायला एक खुर्ची मांडलेली होती. आम्ही लोक भिंतीकडेच्या बाकांवर बसलो. आधी नव्या खात्याच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं झालं. माणूस हुशार होता, बोलणं नेमकं. पूर्वी तीन शाखा तीन तोंडांनी बोलायच्या, एकीला कळलेलं दुसरीला कळायचं नाही आणि मधल्यामध्ये धोका निसटून जायचा, म्हणून एकत्र येणं गरजेचं आहे, असं ते म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. समितीतल्याही बऱ्याच माना हलल्या.

"एकत्र या की," दत्तूभाऊ म्हणाले. "नको कोण म्हणतंय? माझा प्रश्न वेगळा आहे. तुमचं चुकलं तर ते कोण बघणार?"

"चुकू नये अशीच आमची रचना आहे," अधिकारी म्हणाले. "एक उदाहरण देतो. गावाचं नाव सांगणार नाही. याच जिल्ह्यात डोंगरावर एक वस्ती आहे, तिथे जमिनीसाठी चळवळ करणारी संघटना आहे. जुनी शाखा त्यांच्यावर आठ वर्षं अहवाल पाठवत होती. त्या अहवालांत काय होतं? किती लोक जमले आणि कोणी शिव्या दिल्या. आमचा माणूस फक्त तीन सभांना लांबून हजर राहिला आणि त्याला मुख्य गोष्ट दिसली. या संघटनेचा खरा म्होरक्या गावचा नाहीच. तो बाहेरून येतो."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा त्या अधिकाऱ्यांकडे बघत होते.

"पन्नाशीचा इसम आहे," अधिकारी पुढे म्हणाले. "तो आल्याशिवाय सभा सुरू होत नाही. सगळे जमिनीवर बसतात, खुर्ची फक्त त्याला. पहिला चहा त्याला. सभेच्या शेवटी तो एका मुलीला तोंडी मजकूर सांगतो, ती लिहून घेते आणि सर्वांना वाचून दाखवते. त्याने मान हलवली तरच सभा संपते. बसल्यावर तो उजव्या पायातली वहाण काढून ठेवतो. याचा अर्थ अजून लागलेला नाही, पण ती सांकेतिक खूण असावी असा आमचा अंदाज आहे. आठ वर्षांत जुन्या शाखेने या माणसाचा एका शब्दाने उल्लेख केलेला नाही. आणि त्याची ती लेखनिक मुलगी आता सरकारी नोकरीत शिरू पाहत होती. आम्ही तिला वेळीच रोखलं."

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. आधी मला हसू फुटलं, मग ते तिथेच विरलं, कारण रोखलेली ती मुलगी मी होते. मी उठणार तोच बाबांनी माझं मनगट धरलं. बाबांची पकड लाकूडतोड्याची.

"बस," ते पुटपुटले.

दत्तूभाऊंनी आमची झटापट पाहिली. त्यांच्या ध्यानात आलं असावं. "तो इसम कोण?" त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं.

"शोध चालू आहे."

"किती दिवस?"

"वर्षभर. अध्यादेशानंतर तो अचानक गायब झाला. यावरूनच काय ते समजा."

दत्तूभाऊंनी अध्यक्षबाईंच्या कानात काही सांगितलं. बाईंनी बाबांना पुढे बोलावलं. बाबा त्या रिकाम्या खुर्चीजवळ गेले, पण बसले नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"देवजी," दत्तूभाऊ म्हणाले, "साहेब सांगतात ती वाडी तुझी हाये काय?"

"हाये."

"मग खुर्चीत बसायचा तो कोन?"

बाबांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही, इतकी ती माफी मागत होती.

"नाय सांगनार," ते म्हणाले.

"तुमच्या मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे, हे कळतंय ना तुम्हाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कळतंय, बाई. तरी नाय सांगनार. तो वाईट मानूस नाय, एवढं लिवा."

अधिकाऱ्यांनी हात पसरले, बघा, मी काय सांगत होतो. त्या क्षणी मला बाबांचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नसेल. एक शब्द बोलायचा होता त्यांनी, तोही खरा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि समोरचं सगळं पुसट झालं. त्यामुळे दार उघडल्याचं मला दिसलं नाही, फक्त बुटांचा आवाज ऐकू आला. एक पाय नीट पडत होता, एक जपून.

पष्टे हवालदार दालनाच्या मधून चालत आले. त्यांनी समितीला सलाम केला, टोपी काढून काखेत धरली. बाबा खुर्ची अडवून उभे होते, त्यांना त्यांनी हलक्या हाताने बाजूला केलं. मग ते त्या खुर्चीत बसले, वाकले, उजव्या बुटाची नाडी सोडली आणि बूट काढून बाजूला ठेवला.

"कुरूप आहे, साहेब," ते म्हणाले. "खूण नाही."

कोणाला आधी हसू आलं सांगता येत नाही. मला वाटतं टेबलाच्या टोकाला बसलेल्या टंकलेखक बाईंना. मग सगळी समिती हसली. अधिकारी तेवढे हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला, एवढ्या रागातही, त्यांची जराशी कीव आली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग त्यांचं हसू मावळलं. "हवालदार, गोपनीय अहवाल तुम्ही गावकऱ्यांना वाचून दाखवत होता?"

"होय, बाई. आठ वर्षं."

"का?"

हवालदार म्हणाले, "पहिल्यांदा लाज वाटली म्हणून वाचला. ज्यांनी बसायला दिलं, त्यांच्यापासून लपवायचं कसं? मग कळलं, वाचून दाखवायचंय म्हटल्यावर वाढवून लिहिता येत नाही आणि झाकूनही लिहिता येत नाही. ही मुलगी लिहायची, कारण माझा चष्मा घरी राहायचा. तिचा दुसरा काही गुन्हा नाही. माझा आहे, तर जी शिक्षा असेल ती मी घेईन."

बाबा इतका वेळ बाजूला उभे होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून डोळे पुसले, आणि दत्तूभाऊ टेबलावरच्या कागदांकडे उगाचच बघत बसले.

पुढचं सगळं लगेच झालं नाही. नव्या खात्याने हवालदारांवर चौकशी लावायचा घाट घातला. तेव्हा अध्यक्षबाईंनी लेखी कळवलं की समितीपुढे साक्ष दिली म्हणून कोणाच्या केसाला धक्का लागला तर तो सभागृहाचा विशेषाधिकारभंग होईल. चौकशी गुंडाळली गेली. तोवर मी आमदारांना, समित्यांना, सभागृहाला नावंच ठेवत आले होते. त्या बाईंनी चार ओळी लिहिल्या आणि एका म्हाताऱ्या हवालदाराची पेन्शन वाचली. मी त्यांना पुन्हा कधी भेटले नाही. आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

कायदा झाला. खातं एकच राहिलं, ते ठीकच होतं. प्रश्न विचारायला बंदी घालणारं कलम मात्र गेलं. आता वर्षातून एकदा ते खातं सभागृहाच्या समितीपुढे उभं राहतं, आणि कोणाची नोकरी अडवली तर कारण त्याला सांगावं लागतं. दत्तूभाऊंनी याहून जास्त मागितलं होतं, तेवढं मिळालं नाही. पुढच्या निवडणुकीला त्यांना तिकीट मिळालं नाही. ते कशामुळे, हे मला नक्की माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. ते अपक्ष उभे राहिले तेव्हा बाबा त्यांच्या प्रचाराला धसईभर हिंडले. भाषणात म्हणायचे, "अळंबं हाये, पन खायचं हाये, विषारी नाय." दत्तूभाऊ पडले, पण हे वाक्य ते अजून सगळ्यांना सांगतात आणि सांगताना हसतात.

बाबांना मी नंतर विचारलं होतं, का नाही सांगितलंत? "त्यानं आठ वर्सं आपल्यामागं एक अक्षर लिवलं नाय," ते म्हणाले. "मग मी त्याच्यामागं कसा बोलू?" माझा राग तिथेच उतरला.

जून संपायच्या आत माझी नेमणूक आली. शेणव्याकडचं एक गाव मिळालं. ऑर्डर हातात पडली त्या संध्याकाळी वाडी जमली आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवली. दुसऱ्या दिवशी बाबा, आई आणि मी एसटीने किन्हवलीला निघालो. बाबांच्या हातात बालवाडीची लोखंडी खुर्ची होती. बालवाडीसाठी लोक नवी आणून देणार होते. कंडक्टरने विचारलं, हिचं तिकीट कोण काढणार? आई म्हणाली, "पोलिसाची हाये, तिला तिकीट नाय." त्याने खरंच घेतलं नाही.

पष्टे हवालदार ओट्यावर अनवाणी बसले होते. खुर्ची बघून ते उठून उभे राहिले. बाबांनी ती उघडून ओट्यावर मांडली, हाताने पुसली. आईने घरात जाऊन स्वतःच तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांच्याच घरात त्यांनाच. ते पाणी प्याले आणि खुर्चीत बसले. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला अडवलं.

"आधी कागद वाच," ते म्हणाले. "चष्मा नाय माझ्याजवळ."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता. सहावीत वाचायचे तशी उभी राहिले आणि वाचायला लागले. कुमारी योगिनी देवजी मेंगाळ, ग्रामसेविका म्हणून नियुक्ती, चारित्र्य पडताळणी अनुकूल. इथे मी थांबले, पदराने नाक पुसलं आणि उरलेल्या ओळी पुऱ्या केल्या.

हवालदारांनी बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. "कोनाची काय हरकत?"

"नाय," आई म्हणाली. "सगळं खरं हाये."

मग पष्टे हवालदारांनी मान हलवली.